नेलपॉलिश चवथीपर्यंत टिकत नाही? आधी ते कुठून सुटतंय ते बघा

जून उजाडला की गोव्यात डिचोलीतल्या माझ्या लहानशा पार्लरमध्ये नखांच्या तक्रारी सुरू होतात आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होईपर्यंत थांबत नाहीत. परवा लावलेलं नेलपॉलिश आज उडालं. रात्री लावताना छान दिसत होतं, सकाळी बघितलं तर बारीक फोड. गडद लाल लावलं, त्यावर पांढुरकी साय आली. तक्रार सांगून झाली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ही कंपनीच बेकार, आता महागातली बाटली घेते.

एवढ्यात घेऊ नका. शंभर रुपयांच्या आतल्या बाटलीत आणि पाचशेच्या बाटलीत थर धरणारा मूळ पदार्थ बहुतेक वेळा एकच असतो, नायट्रोसेल्युलोज. इथाइल अॅसिटेट, ब्युटाइल अॅसिटेट अशा द्रावकांत तो विरघळवलेला असतो. थर लवचिक राहावा म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, नखाला घट्ट धरावा म्हणून रेझिन, आणि मग रंग. द्रावक हवेत उडून गेले की थर सुकला. महाग बाटलीचा ब्रश चांगला असतो, रंग सारखा बसतो, चकाकी जास्त दिवस राहते. हे फरक खरे आहेत. पण ओल्या किंवा तेलकट नखावर लावलंत, तर दोन्ही बाटल्यांचं पॉलिश सारखंच सुटतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात नख ओलं किंवा तेलकट नसेल अशी वेळ दिवसात मुद्दाम शोधावी लागते.

म्हणून मी आधी नखं नीट बघते. पॉलिश टोकाकडून उडालंय, मुळाशी उचललंय, की अख्खं एका तुकड्यात निघालंय? सुटण्याची जागा आणि तऱ्हा बघितली की कारण बहुतेक कळतं. कारण कळलं की उपाय स्वस्तच असतो.

अख्खा पापुद्रा निघतो

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, म्हणून हिच्यावर जास्त बोलते. नख केरॅटिनचं असतं आणि ते पाणी पितं. पावसात घराची लाकडी दारं फुगतात ना, तसंच नखही पाण्यात राहिलं की किंचित फुगतं आणि वाळलं की पुन्हा आकसतं. फुगलेल्या नखावर पॉलिश लावलं की ते सुकून बसतं, पण खालचं नख नंतर आकसतं. पॉलिश तेवढं आकसत नाही. पकड सुटते, कडेने हवा शिरते, आणि एक दिवस भांडी घासताना अख्खा पापुद्रा हातात येतो.

बहुतेक जणी पॉलिश कधी लावतात? रात्रीची जेवणं झाली, भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, मग निवांत बसून. मला ते अगदी समजतं, कारण दिवसभरात स्वतःसाठी तेवढाच वेळ असतो. पण नखांच्या दृष्टीने तीच सगळ्यात वाईट वेळ. अर्धा तास साबणाच्या पाण्यात राहिलेली नखं वरून कोरडी दिसतात, आतून नसतात. आंघोळ करून आल्या आल्या लावणंही तसंच. पाण्यातून हात काढल्यावर निदान दीड-दोन तास तरी जाऊ द्या. दुपारी जेवणानंतर पडायच्या आधीचा वेळ मिळत असेल तर दुपारची भांडी थोडी थांबवा, आधी नखं करा. हे जमलं की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरं कारण तेल. आपल्या हातांना खोबरेल लागतंच. केसांना तेल लावून देताना, नारळ खवणताना, रस काढताना, बांगडे तळताना. हाताला जाणवत नाही इतका पातळ थरही पॉलिशला पुरतो. साबणाने हात धुतले तरी नखाच्या मुळाशी आणि कडेच्या खाचेत तो राहतो. यावर उपाय सोपा. बाटली उघडण्याच्या अगदी आधी कापसाला थोडं रिमूव्हर लावून प्रत्येक नख एकदा पुसा, जुनं पॉलिश नसलं तरीही. रिमूव्हर नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट चालतं. पुसल्यावर नखं किंचित फिकट, कोरडी दिसतील. तशीच हवीत. त्यानंतर क्रीम नाही, केसांत हात नाही, चेहऱ्यालाही हात नाही.

इथे एक वस्तू वेगळी सांगायला हवी, कारण तिच्यावर कुणाचा संशयच जात नाही. ती म्हणजे रिमूव्हर वाइप्सची छोटी गोल डबी. स्वस्त असते, पर्समध्ये मावते, वासही उग्र नसतो. पण त्यातल्या बहुतेक प्रकारांत नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेल घातलेलं असतं. पुसल्यावर नखं चकचकीत आणि तुळतुळीत लागतात ती त्यामुळे. पॉलिश काढून नखं काही दिवस मोकळी ठेवायची असतील तर ही डबी चांगलीच. लगेच दुसरं लावायचं असेल तर तिच्यानंतर साबणाने हात धुवा, पुरेसा वेळ जाऊ द्या, आणि साध्या रिमूव्हरने किंवा स्पिरिटने पुन्हा पुसा.

तिसरं कारण बेस कोट, म्हणजे रंगाच्या आधी लावायचा पारदर्शक थर, नसणं. दोन रंगांच्या बाटल्या घेण्याऐवजी एक रंग आणि एक बेस कोट घ्या, असं मी कॉलेजच्या मुलींना नेहमी सांगते. बेस कोटमध्ये नखाला धरून ठेवणारं रेझिन जास्त असतं. रंगावर शेवटी लावायच्या टॉप कोटचं काम वेगळं, तो कडक आणि चकचकीत असतो. बेस आणि टॉप दोन्हींचं काम करणारी एकच पारदर्शक बाटलीही मिळते. ती दोन्ही कामं थोडी थोडी करते, आणि खिशाला तेवढंच परवडत असेल तर तिने भागतं.

पापुद्रा फक्त मुळाकडून उचलत असेल, तर तिथे नखावर चिकटलेली मेलेली कातडी असते. रंग नखाऐवजी तिच्यावर बसतो आणि ती सुटली की रंगही सुटतो. आदल्या दिवशी आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, लाकडी काडीला कापूस गुंडाळून ती हलकेच मागे सारा. नखाच्या मुळाशी असलेली जिवंत कातडीची घडी मात्र कापू नका. तीच आत पाणी आणि जंतू शिरू देत नाही. पावसाळ्यात, हात सतत ओले असताना, ती कापली की नखाच्या कडा सुजतात, ठणकतात. लावताना रंग आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट सोडा. फट सोडलेलं काम नीटनेटकंही दिसतं.

आणि कुणी आधी जेल पॉलिश (दिव्याखाली कडक करतात ते) लावलं असेल आणि ते अॅसिटोनमध्ये न भिजवता हाताने खरवडून काढलं असेल, तर नखाचे वरचे पदरही त्याच्याबरोबर निघालेले असतात. अशा नखावर साधं पॉलिश धरत नाही. ते नख वाढून पुढे जाईपर्यंत धीर धरावा लागतो. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं व्हायला सहाएक महिने लागतात.

टोकाला टवका उडतो

इथे नखाच्या तयारीचा दोष कमी, वापराचा जास्त. नारळ फोडून करवंटीतून खोबरं काढताना, तिसऱ्यांचे शिंपले उघडताना, डबा उघडताना, स्टिकर खरवडताना आपण टोकच वापरतो. टोकाच्या कडेवर रंगाचा थर उघडा असेल तर तिथून पाणी आत शिरतं. म्हणून प्रत्येक हात मारताना ब्रश शेवटी नखाच्या कडेवरून, म्हणजे नखाच्या जाडीवरून, एकदा फिरवून कड बंद करा. बेस, रंग, टॉप कोट, तिन्ही वेळा. दोन सेकंदांचं काम आहे, आणि टवक्यावर यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

नखांचा आकारही बघा. घरकाम करणाऱ्या हाताला चौकोनी कोपऱ्यांची लांब नखं टिकत नाहीत, कारण कोपरा सगळीकडे अडकतो. बोटाच्या टोकाबरोबर किंवा किंचित पुढे, गोलसर घासलेली नखं जास्त दिवस चांगली राहतात. फाइल एकाच दिशेने चालवा. करवतीसारखी मागेपुढे ओढली की टोकाचे पदर सुटे होतात आणि टवक्याला वाट मिळते. दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात पुन्हा मारला, कडेसकट, तर पॉलिशचं आयुष्य सहज वाढतं. भांडी घासताना रबरी हातमोजे वापरा असं मी सांगते तेव्हा पुष्कळ जणी नको म्हणतात, हाताला काम लागत नाही म्हणून. निदान चवथीच्या मोठ्या पातेल्यांना तरी वापरा.

फोड येतात

पंख्याखाली बसून जाड थर लावला की फोड येतात. पंख्याच्या वाऱ्याने पॉलिशचा वरचा थर पटकन सुकतो, खालचा द्रावक मात्र अजून ओला असतो. त्याला बाहेर पडायचं असतं आणि वाट बंद झालेली असते. तो मग वरचा थर उचलतो आणि बारीक बुडबुडे दिसतात. पंखा एकदम बंद करायची गरज नाही, हात त्याच्या थेट झोतात नको एवढंच. थर पातळ घ्या. पहिल्या हातात नख थोडं दिसलं तरी चालेल, दुसऱ्या हातात रंग भरतो. दोन हातांमध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्या.

बाटली जोरात हलवू नका, तळहातांमध्ये आडवी धरून लाटण्यासारखी फिरवा. हलवल्याने आत हवा मिसळते. पॉलिश घट्ट झालं असेल, ब्रशबरोबर तार येत असेल, तर त्यात रिमूव्हर घालायचा मोह होतो. ते पातळ होतं खरं, पण त्याची घडण बिघडते, चकाकी जाते आणि नखावर ते दुबळं बसतं. नेलपॉलिशचं थिनर वेगळं मिळतं. त्याचे दोन-तीन थेंब घाला, फिरवा, थोडा वेळ ठेवा. आणि बाटली बंद करण्याआधी तोंडाच्या आट्यांवरचा रंग रिमूव्हरच्या कापसाने पुसून टाका. झाकण नीट बसलं नाही की द्रावक उडत राहतात आणि अर्धी बाटली वाया जाते.

पांढुरकी साय येते

ही तक्रार खास आपल्या हवेची. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत भिंतींना ओल धरते, मीठ पाझरतं, अगरबत्ती नीट पेटत नाही. अशा हवेत पॉलिश लावलं की द्रावक उडताना नखाचा पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. ते ओल्या थरात अडकलं की रंगावर दुधट झाक येते. गडद रंगावर जास्त दिसते, कारण फिकटावर ती लपते.

फर्निचरला लॅकर पॉलिश मारणाऱ्या कारागिराला विचारून बघा, तो लगेच ओळखेल. तेही नायट्रोसेल्युलोजचंच लॅकर असतं, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी ते मारलं तर लाकडावर हाच पांढरेपणा येतो. जाणता माणूस अशा दिवशी काम पुढे ढकलतो. आपणही तेच करावं. पाऊस उघडलेल्या दुपारी, खिडकीपासून दूर, कोरड्या खोलीत लावा. घरात एसी असेल तर त्या खोलीत बसा, कारण एसी हवेतली ओल काढतो, पण झोताखाली नको. झाक आलीच तर खरवडू नका. सुकू द्या आणि टॉप कोटचा एक पातळ हात मारा. त्यातल्या द्रावकाने वरचा थर थोडा मऊ होतो आणि पुष्कळदा रंग पुन्हा उजळतो. नाही उजळला तर काढून दुसऱ्या दिवशी लावणं हेच खरं.

चादरीचे ठसे उमटतात

हात लावून कोरडं लागलं म्हणजे सुकलं असं नाही. आतून पूर्ण कडक व्हायला काही तास लागतात, दमट हवेत आणखी जास्त. संध्याकाळी लवकर लावा, थर पातळ ठेवा. थंड पाण्यात बोटं बुडवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. मी ती सांगत नाही. थंडाव्याने वरचा थर घट्ट वाटतो, पण आतला द्रावक तिथेच असतो, आणि नुकत्या रंगवलेल्या नखांना आपण पुन्हा पाण्यात घातलेलं असतं.

नखं पिवळी पडतात

गडद लाल आणि मरून रंगांतला रंग नखात उतरतो. बेस कोट लावला की हा प्रश्न बहुतेक येत नाही. आधीच पिवळी पडली असतील तर लिंबू चोळू नका, ब्लेडने खरवडू तर मुळीच नका. नख वाढेल तसा डाग पुढे जाईल. हळदीचा पिवळेपणा वेगळा. तो फिकट पॉलिशवर बसतो, पण हळदीचा रंग उन्हात विटतो, त्यामुळे ऊन असेल तर दोन दिवसांत कमी होतो. हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांच्या दिवसांत पांढरं किंवा अगदी फिकट गुलाबी लावायचंच असेल तर वर टॉप कोट हवाच.

पण नख जाड होत असेल, भुगा पडत असेल, बोटापासून सुटत असेल, हिरवट किंवा काळपट दिसत असेल, तर तो पॉलिशचा विषय नाही. सगळं काढून टाका आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा, नाहीतर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये त्वचारोग विभाग आहे. पावसाळ्यात ओल्या हातांना बुरशी सहज धरते. तिच्यावर रंग चढवून झाकणं म्हणजे तिला वाढायला वेळ देणं.

एक काळजी सगळ्यांनीच घ्यायची. पॉलिश, थिनर आणि रिमूव्हर तिन्ही पटकन पेट घेतात. पेटत्या समईजवळ, निरांजनाजवळ, गॅसपाशी बसून नखं करू नका. चवथीच्या दिवसांत घरभर दिवे असतात, तेव्हा हे जास्तच सांभाळा.

टवका लपवणारे सोपे प्रकार

काम करणाऱ्या हाताला असा रंग द्यावा, ज्यावर टवका पटकन दिसत नाही. नखाच्या रंगाच्या जवळचा पारदर्शक गुलाबी किंवा बिस्किटी रंग लावला तर टोक उडालं तरी लांबून कळत नाही. गडद रंग आवडत असेल तर टोकाला चमकी लावा. टोकाकडे दाट आणि मुळाकडे विरळ. टवका उडाला की तिथेच चमकीचा आणखी एक थेंब लावायचा. चमकी काढताना मात्र कष्ट पडतात. कापसावर रिमूव्हर घेऊन तो नखावर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा, मग ओढा.

मला स्वतःला आवडतो तो अबोलीचा रंग. केसांत अबोलीची वळेसर माळायची असेल तर नखांना तोच केशरी-गुलाबी रंग फार शोभतो, आणि तो सावळ्या हातांवर उठून दिसतो. अनामिकेच्या नखावर पांढऱ्या रंगाचे चार-पाच ठिपके एकत्र देऊन फूल करा. त्यासाठी विकतचं साधन लागत नाही, केसांच्या पिनेचं गोल टोक पुरतं. दुसरा प्रकार कुणबी साडीच्या चौकटींचा. सगळी नखं लाल, आणि एकाच नखावर दातकोरणीने पांढऱ्या बारीक रेघा, दोन उभ्या, दोन आडव्या. खालचा लाल पुरता सुकल्याशिवाय रेघ ओढायची नाही, नाहीतर काडी रंग उकरते. चिकटपट्टी लावून रेघा काढायच्या असतील तर आणखी थांबावं लागतं, आणि पावसाळ्यात मी त्या वाटेला जातच नाही.

काजळ पसरतं, त्याचंही मूळ तेलातच

नखांपाठोपाठ दुसरी तक्रार काजळाची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन घरी येईपर्यंत डोळ्यांखाली काळं झालेलं असतं. काजळ मेण आणि तेलाचं असतं. अंगाच्या उष्णतेने ते मऊ होतं, आणि डोळ्याखाली लावलेलं क्रीम, कपाळावरून उतरलेलं केसांचं तेल, त्वचेचं स्वतःचं तेल त्याला खाली नेतं. वॉटरप्रूफ लिहिलेली पेन्सिल पाण्याला आणि घामाला दाद देत नाही, पण तेलाला देते. आपण रात्री ती खोबरेलाने काढतो, ते बरोबरच आहे. पण मग फेसवॉशने पापण्यांच्या कडा नीट धुवा. नाहीतर ते तेल सकाळपर्यंत तिथेच असतं आणि नव्या काजळाला धरू देत नाही.

सकाळी डोळ्यांखाली क्रीम लावू नका, लावलंच तर टिश्यूने टिपा. खालच्या कडेच्या आत लावण्याऐवजी वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी लावा. खालची कड सतत ओली असते, तिथे कोणतंच काजळ फार वेळ राहत नाही. लावल्यावर मिनिटभर डोळे चोळू नका, मिटून दाबू नका. वॉटरप्रूफ पेन्सिल तेवढ्या वेळात बसते. वरून त्याच रंगाची कोरडी आयशॅडो, काळी किंवा गडद तपकिरी, कापसाच्या काडीने हलके दाबली तर साधी स्वस्त पेन्सिलही दुपारपर्यंत टिकते. डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेलं काजळ टाकून द्या आणि घरातल्या घरातही पेन्सिल एकमेकींना देऊ नका. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ फिरते, म्हणून हे आवर्जून सांगते.

चेहऱ्याच्या पावडरीचं थोडक्यात. घामावर पावडर थोपली की डाग पडतात. आधी टिश्यूने दाबून टिपा, मग पावडर. कॉम्पॅक्ट वरून कडक झालं असेल, पफला काही लागतच नसेल, तर त्यावर चेहऱ्याच्या तेलाचा थर बसलेला असतो. चिकटपट्टी हलके दाबून उचला, खालून पावडर नवीसारखी निघते. मग पफ धुवा, खरी चूक पफचीच असते. लिपस्टिकवर थेंब दिसले तर ते बहुधा तेलाचे असतात, उष्णतेने बाहेर आलेले. टिश्यूने टिपून वापरा. वास बदलला असेल तर टाका. आणि स्कूटरच्या डिकीत मेकअपचा डबा ठेवू नका.

घेताना

जत्रेच्या फेरीत, आठवड्याच्या बाजारात वीस-तीस रुपयांच्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि रंग मोहात पाडतात. स्वस्त घ्यायला हरकत नाही, बेनामी घ्यायला आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ते लिहिलेलं असायला हवं, असा कायदाच आहे. नखाला लावायच्या बाटलीवर हे नसेल तर नको म्हणा. डोळ्यात घालायच्या काजळावर नसेल तर हातातही घेऊ नका. लॅक्मे, एल एटीन, ब्लू हेवन, स्विस ब्यूटी, इनसाइट यांच्या साध्या वस्तू म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा सगळीकडे मिळतात. बाटली उजेडात धरून बघा. रंग आणि वरचं पाणी वेगळं झालं असेल आणि हातात फिरवूनही मिसळत नसेल, तर ती बाटली उन्हात राहिलेली किंवा जुनी आहे.

निघायच्या वेळी टवका उडाला तर

गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली, पाहुणे यायची वेळ झाली, आणि अंगठ्याचं टोक उडालं. अशा वेळी अख्खं काढून नव्याने लावायला बसू नका, ते सुकणार नाही. टवक्याची कड फाइलने हलकेच घासून सपाट करा. त्या जागी स्पिरिटचा कापूस टेका. रंगाचा एक छोटा थेंब फक्त खड्ड्यात भरा, दोन मिनिटांनी कडेवरून ब्रश फिरवा, आणि मग अख्ख्या नखावर टॉप कोटचा पातळ हात. बाकीची नऊ नखं चांगली असतील तर त्यांच्याही कडांवर टॉप कोट फिरवून घ्या, बाटली उघडलेलीच आहे. त्यानंतर दहा मिनिटं पाण्यात हात नाही. पानं मांडायला घरात दुसरं कुणीतरी असतंच, त्यांना सांगा.